लाल फेसाची वाईन आणि तिचे घरचे ताट

१/
मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेस आला होता. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. म्हणजे मराठवाड्याला द्राक्ष परके नाही. तरीही हिंगोलीच्या घरी ज्वारीची भाकरी आणि द्राक्षाची वाईन एका पंगतीला बसलेली दिसत नाही. असे का झाले असावे? याचे उत्तर शोधताना इटलीतील एका फेसाळ लाल वाईनचा इतिहास उपयोगी पडतो.

२/
त्या वाईनचे नाव लाम्ब्रुस्को. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात मोदेना आणि रेज्जो एमिलिया ही नगरे आहेत. त्यांच्या आसपास पिकणाऱ्या द्राक्षांच्या एका कुळाचे हे नाव. लॅटिनमध्ये ‘लाब्रुस्का’ म्हणजे रानवेल. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन कवी व्हर्जिल याच्या गोपगीतांतही हा शब्द येतो.

३/
हिच्यात फेस येतो कुठून? शरद ऋतूत काढलेला रस आंबू लागे आणि कडाक्याच्या थंडीत किण्व निद्रिस्त होई. थोडी साखर रसात तशीच उरे. वसंतात ऊब येताच किण्व पुन्हा जागे होई, आणि तोवर वाईन बाटलीत भरलेली असल्यास निर्माण झालेला वायू आतच कोंडला जाई. शेतकऱ्याच्या तळघरात ऋतुचक्रानेच घडवलेला हा फेस होता.

४/
एकोणिसाव्या शतकात त्याचा व्यापार झाला. क्लेतो क्यार्ली यांनी १८६० मध्ये मोदेना येथे आपली पेढी स्थापन केली. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी हेच दुसरे किण्वन बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये एका फ्रेंच अभियंत्याने ती पद्धत सुधारली. फेस आता हवा तेव्हा आणि हवा तितका मिळू लागला.

५/
या वाईनची घडण समजून घ्यायची, तर मोदेनाचे ताट पाहावे लागते. डुकराच्या मांसाचे खारवलेले काप, मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज, मांसरसात शिजवलेले तोर्तेल्लिनी. सारेच स्निग्ध, सारेच खारट. घास गिळल्यावर जिभेवर जो तेलकट थर उरतो, तो धुऊन काढणे हे या वाईनचे काम. आंबटपणा आणि फेस दोन्ही त्याच कामाला लागतात. आपल्याकडे तळणीच्या जेवणानंतर ताक जे करते, तेच.

६/
म्हणून तेथील घरची लाम्ब्रुस्को कोरडी असे, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली. बाटलीवर ‘सेक्को’ असे लिहिलेले असल्यास ती कोरडी. ‘आमाबिले’ आणि ‘दोल्चे’ हे शब्द गोडीचे. फेसही बेताचाच. ‘फ्रिझांते’ वर्गातील बाटलीत वायूचा दाब १ ते २.५ बार असतो. शॅम्पेनच्या बाटलीत तो ६ बारच्या आसपास असतो.

७/
चाखताना तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. सोर्बारा सर्वांत फिकी, गुलाबीकडे झुकणारी, आंबट आणि सुगंधी. कास्तेल्वेत्रोची ग्रास्पारोसा गडद जांभळी, भरदार आणि किंचित तुरट. सालामिनो या दोहोंच्या मधली. तिन्हींना १९७० मध्ये इटलीत संरक्षित नामांकन मिळाले. ही वाईन १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमानाला द्यावी. फार गार केल्यास सुगंध मिटतो, कोमट राहिल्यास फेस बेचव लागतो.

८/
त्याच सुमारास अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली. शीतपेयांवर वाढलेल्या ग्राहकाला रुचेल अशी गोड, हलकी लाम्ब्रुस्को तेथे जाऊ लागली. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘रियुनिते’ या सहकारी संस्थेच्या वाईनचा खप १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला १ कोटी पेट्यांच्या पुढे गेला. पैसा आला, पण लाम्ब्रुस्को म्हणजे स्वस्त, गोड, पोरकट पेय हा शिक्काही बसला.

९/
मागणी ओसरली, तरी ती वाईन नामशेष झाली नाही. मोदेनातील घरांत कोरडी लाम्ब्रुस्को जेवणासोबत नेहमीसारखी वाढली जात होती. पुढे काही उत्पादक बाटलीतील जुन्या किण्वनाकडे वळले आणि कोरड्या लाम्ब्रुस्कोला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. परदेशी बाजार गेला तरी घरचे ताट शाबूत होते, म्हणून ती तगली. या इतिहासाचे मर्म इथेच आहे.

१०/
आता महाराष्ट्राकडे वळू. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. किण्वन बाटलीतच, थेट शॅम्पेनच्या पद्धतीने. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली. कर्तृत्व मोठे होते. मात्र तिचा ग्राहक लंडनच्या उपाहारगृहात आणि मुंबईच्या तारांकित हॉटेलात होता. नारायणगावच्या जेवणाशी तिचे नाते जुळलेच नाही.

११/
२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि वाईनरी वाढल्या. पुढे २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली. चौगुले यांची ‘इंडाज’ कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. कारणे अनेक होती. पण खरा फटका बसला तो बागायतदाराला. वाईनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. वाईनरीने ते उचलले नाही, तर खाण्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. त्यांच्यामागे मोदेनासारखे घरचे ताट उभे नव्हते.

१२/
इटलीशी थेट नाते जुळले ते सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ही वाईनरी उभारली. तोस्कानाचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तेथे सांजोवेझे हे इटालियन लाल द्राक्ष रुजले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे आपले वेळापत्रक त्या पाहुण्या वेलीनेही स्वीकारले.

१३/
मग आपल्या ताटात कोरडी, फेसाळ लाल वाईन कुठे बसेल? शेंगदाणे आणि तिळाचे कूट घातलेली भरली वांगी, तेल सुटलेला बोकडाचा रस्सा, हुरड्यासोबतची शेंगदाण्याची खारी चटणी: येथे स्निग्धता आणि मीठ दोन्ही आहेत, तेव्हा मोदेनाचा नियम लागू पडतो. मात्र ठेच्याशी तिचे जमत नाही. वायू आणि मद्यार्क दोन्ही तिखटाचा दाह वाढवतात. रस्सा झणझणीत असेल, तर तुरट ग्रास्पारोसा टाळून कमी तुरटीची सोर्बारा बरी.

१४/
या प्रश्नाची दुसरी बाजूही इतिहासाचाच भाग आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. तीव्र विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. वाईन ही दारू की शेतमाल, याभोवतीच वाद फिरला. ज्या राज्यात स्त्रियांनी गावोगावी मतदान घडवून बाटली आडवी केली, तेथे हा विरोध पोकळ म्हणता येणार नाही. दारूने मोडलेली घरे त्यांनी पाहिली होती.

१५/
मोदेनात वाईन जेवणाचा भाग म्हणून, पेल्याच्या मापात वाढली गेली. आपल्याकडे मद्य बहुधा ताटापासून तुटून, आडोशाला प्यायले गेले. हा फरक कायद्याच्या एका कलमाने मिटणारा नाही, जाहिरातीनेही नाही. द्राक्ष आपल्या मातीत सहाशे वर्षांहून अधिक काळ आहे. त्याची वाईन आपल्या ताटात यावी की न यावी, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. ठरवताना नारायणगाव-नाशिककडच्या त्या उपटलेल्या वेली मात्र विसरू नयेत.