मोजणीबाहेरचे प्रेक्षक

नाताळच्या दिवशी कोणता कार्यक्रम किती लोक बघणार, यावर ब्रिटनमध्ये चक्क पैजा लागतात. २५ डिसेंबर १९८६ला बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ मालिका पुनःप्रक्षेपण धरून ३ कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिली. मराठी वाहिन्यांचा असा हंगाम म्हणजे गौरी-गणपती आणि दिवाळी. महाएपिसोड, तासाभराचे विशेष भाग, सिनेमांचे प्रीमियर, सगळं तेव्हाच. नाताळ त्यामानाने किरकोळ. पण अंदाज बांधायचा तर आधी मोजणी हवी. आणि लोकलच्या टप्प्यातला शहापूर व रेल्वेविना राहिलेला मुरबाड, हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके त्या मोजणीत बराच काळ धरलेच गेले नाहीत. इथल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला चालत होतं, प्रेक्षक मात्र नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं. वाहिनी एकच, त्यामुळे वेळापत्रक आखताना स्पर्धेची चिंता नव्हती. जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागू लागलं, तेव्हा गावात ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओटीवर अख्खी आळी जमायची. दूरदर्शनने १९८८मध्ये ‘डार्ट’ नावाची स्वतःची प्रेक्षक-पाहणी सुरू केली खरी. पण घर हे एकक धरून चालणाऱ्या कुठल्याही मोजणीला ही ओटीवरची गर्दी पकडणं अवघडच.

खासगी वाहिन्या आल्यावर मोजणीला पैशाची धार आली. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो आणि तो ठरवायला रेटिंग लागतं. १९९८मध्ये आलेल्या ‘टॅम’ या मोजणी संस्थेचे पीपल मीटर, म्हणजे घरात काय बघितलं जातं ते नोंदवणारे डबे, मुख्यतः लाखभर किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत होते, कारण साबण-शाम्पूवाल्यांना तेच गिऱ्हाईक हवं होतं. शहापूर-मुरबाडमधल्या डोळखांब किंवा टोकावड्यात लोक काय बघतात, याची किंमत शून्य. १९९९ला ‘अल्फा मराठी’ आणि पुढच्या वर्षी ‘ई टीव्ही मराठी’ आली. मालिकांच्या वेळा ठरल्या त्या शहरी घड्याळावर.

गावात ते घड्याळ चालायचंच असं नाही. २००५नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची होती, दिवसाचे कित्येक तास वीज गायब. मुंबई बेटावर दिवे लखलखीत आणि इकडे ऐन प्राइम टाइमला कंदील! मालिकेचा महत्त्वाचा भाग हुकला, तर दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणावर भिस्त, तेही तेव्हा वीज असेल तर. रेटिंगच्या तक्त्यात यातलं काहीच उमटत नव्हतं.

जानेवारी २०११मध्ये रेटिंगच्या पद्धतीचा आढावा घेणाऱ्या सरकारी अमित मित्रा समितीने सुमारे आठ हजारांवर असलेले मीटर तीस हजारांवर न्यावेत आणि खेडी धरावीत, असं सुचवलं. २०१४च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी किमान वीस हजार घरांची अट घातली. ‘बार्क’ या नव्या मोजणी संस्थेचे आकडे एप्रिल २०१५पासून येऊ लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रामीण भाग प्रथमच त्यात आला. लगेच उलथापालथ झाली. दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट दिसणारी, जुन्या मालिका दाखवणारी ‘झी अनमोल’सारखी वाहिनी हिंदीत वर चढली. मुंबईतल्या कार्यालयांनी जिला शिळ्या मालाची वखार मानलं होतं, तीच गावात ताजी ठरली. गाव लवकर टीव्हीसमोर बसतं आणि लवकर झोपतं, हेही आकड्यांत दिसलं. गावात कुणालाही विचारलं असतं, तरी हे फुकटात कळलं असतं!

तरी सणासुदीचे अंदाज शहापूर-मुरबाडात फसण्याजोगेच. दिवाळीत भातकापणी आटोपते आणि त्यानंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्यांची घरं बंद असतात. पुढे पौष पौर्णिमेला मुरबाडमधल्या म्हसा इथली जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे यांत संध्याकाळी कुठे जातात कळत नाही. ही पौर्णिमा कधी डिसेंबरअखेर, कधी जानेवारीत येते. शिवाय मोजणीचा नमुनाही विरळच: २०२०मध्ये देशातल्या सुमारे २१ कोटी टीव्ही-घरांसाठी ‘बार्क’ची ४४ हजार घरं होती, म्हणजे एका मीटरमागे पावणेपाच हजार घरं. मीटर कुणाच्या घरी आहे हे गुपित ठेवलं जातं. त्याच वर्षी मुंबईत गाजलेल्या टीआरपी प्रकरणात हे गुपित फोडून पैसे वाटल्याचाच आरोप होता. किन्हवलीत किंवा सरळगावात असा एखादा डबा असलाच, तर शेजाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसायला हवा.