१० ऑक्टोबर १८९१ : थायरॉइडवर उतारा

न्यूकॅसलचे अवघ्या २६ वर्षांचे डॉक्टर जॉर्ज मरे यांचे टिपण या दिवशी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. थायरॉइड मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईंचा चेहरा सुजला होता, बोलणे जड झाले होते, थंडी सोसवत नव्हती. मरे यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीची थायरॉइड ग्रंथी घेतली, तिचे तुकडे ग्लिसरीन व कार्बोलिकच्या द्रावणात भिजवले, उकळत्या पाण्यातून काढलेल्या रुमालातून अर्क पिळला आणि तो त्वचेखाली टोचला. काही महिन्यांत सूज ओसरली, बोलणे सुधारले. प्रयोग एकाच रुग्णावरचा, पण शरीरात कमी पडणारे संप्रेरक बाहेरून पुरवता येते, हे त्याने दाखवले. त्या बाई पुढे २८ वर्षे जगल्या.