सोमरसाचे प्रतिनिधी

बुद्धी तल्लख व्हावी आणि वार्धक्यातही स्मृती ढळू नये, ही इच्छा मनुष्याइतकीच जुनी आहे. ती एखाद्या वनस्पतीच्या सेवनाने पुरी होईल, हा विश्वासही फारसा अलीकडचा नाही. सांप्रत या विश्वासाने नवा वेष धारण केला आहे. ज्या अळंबीने मनुष्यास विलक्षण आभास होतात, ती आभास न होईल इतक्या अल्प प्रमाणात, म्हणजे पूर्ण मात्रेच्या सुमारे दशांशाने, काही दिवसांआड घ्यावी, म्हणजे मेंदू सतेज राहतो, असे हे मत आहे. अमेरिकेतील अळंबीचे अभ्यासक पॉल स्टॅमेट्स यांनी तिच्या जोडीस 'लायन्स मेन' ही खाद्य अळंबी व नायासिन हे जीवनसत्त्व सुचविले. नवी मुंबईसारख्या नव्या नगरातील सुशिक्षितांसही या त्रयीचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही. परंतु आपल्याकडे तिच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. तो असा की, ही अळंबी म्हणजेच आपल्या ऋषींचा सोम होय.

या युक्तिवादाचे मूळ न्यूयॉर्क येथील गॉर्डन वॅसन या पेढीवरील गृहस्थांच्या ग्रंथात आहे. १९५५ साली मेक्सिकोतील एका डोंगरी खेड्यात मारिया साबिना या वैदूबाईच्या रात्रविधीत त्यांनी अळंबी सेवन केली, व १९५७ साली 'लाइफ' नियतकालिकात तो अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी स्विस रसायनज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी तीतून सायलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. बाईंच्या दृष्टीने तो रोग्यास बरे करण्याचा विधी होता. परक्यांची रीघ लागल्यावर तिच्या वाट्यास मात्र गावकऱ्यांचा रोष आला. नंतर १९६८ साली वॅसन यांनी सोमावर ग्रंथ लिहिला. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, त्यातील ११४ सूक्ते, सोमास वाहिलेले असूनही त्यात मूळ, पान, फूल वा बीज यांचे वर्णन नाही. तेव्हा सोम ही अळंबीच असली पाहिजे, असा त्यांचा तर्क. मात्र त्यांनी निवडलेली अळंबी तांबड्या छत्रीवर पांढरे ठिपके असलेली, भूर्ज व देवदार जातींच्या वृक्षांखाली उगवणारी. तिच्यात सायलोसायबिन मुळीच नसते. म्हणजे वॅसन यांचे म्हणणे अक्षरशः मान्य केले, तरी आजच्या अल्पमात्रेच्या अळंबीस सोमपद मिळत नाही!

सोमाच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचा भाग याहून जुना व अधिक रोचक आहे. १८५९ साली मार्टिन हाउग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजात संस्कृताच्या अध्यापनासाठी आले. यज्ञविधी केवळ पोथीतून समजत नाही, हे ओळखून त्यांनी तेथील याज्ञिकांकडून तो समजावून घेतला, आणि १८६३ साली मुंबईस ऐतरेय ब्राह्मण संपादून प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात की, पुण्याचे याज्ञिक जवळच्या डोंगरांवरील एका झुडपाचा रस सोम म्हणून वापरीत. तो पांढरट, तुरट व कडू रस त्यांनी अनेकवार चाखला; थोडी झिंग येते असे त्यांस वाटले, पण काही चमच्यांपलीकडे तो घशाखाली उतरेना. ही वनस्पती वेदांतील मूळ सोम नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट नमूद केले.

याज्ञिकांस हे ठाऊक नव्हते असे नाही. मूळ सोम न मिळाल्यास पूतीकादी कोणती वनस्पती घ्यावी, हे ब्राह्मणग्रंथांतच सांगितले आहे. प्रतिनिधीस प्रतिनिधी म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्या परंपरेत होता. पुढे पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळात श्रौतकोशाचे काम करणारे चिं. ग. काशीकर यांनी सोमाच्या ओळखीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला व १९९० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा कौल एफेड्रा या डोंगराळ प्रदेशातील काटक्यांसारख्या झुडपाकडे आहे. अंशू म्हणजे धाटे दगडांनी ठेचून, लोकरीच्या गाळणीतून गाळून, दूध मिसळावयाचा विधी ध्यानी घेतला, म्हणजे मऊ अळंबीपेक्षा हेच अधिक संभवनीय वाटते.

वेद बाजूस ठेवून प्रयोगशाळेस विचारावे, तर तेथील उत्तरही सावध आहे. २००९ साली जपानात ५० ते ८० वर्षे वयाच्या, किंचित स्मृतिमांद्य असलेल्या ३० जणांवर 'लायन्स मेन'चा १६ आठवडे प्रयोग झाला. घेणाऱ्यांचे गुण वाढले, पण सेवन थांबताच चार आठवड्यांत घसरले. शिवाय एवढ्या अल्प संख्येवरून सिद्धांत बांधता येत नाही. २०२१ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९१ जणांच्या अल्पमात्रेच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपण खरी मात्रा घेत आहो की रिकामी कुपी, हे घेणारास कळणार नाही अशी योजना होती. मन प्रसन्न झाल्याचे दोन्ही पक्षांनी सांगितले, आणि दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. गुण आला तो बव्हंशी अपेक्षेचा! आणि या अपेक्षेपायी जी जोखीम पत्करावयाची ती लहान नाही. सायलोसायबिन हे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने आपल्या देशात निषिद्ध आहे, आणि रानातील छत्री ओळखण्यात चूक झाल्यास प्राणांवर बेतते.

आपल्या वैद्यकाची साक्ष काढावयाचीच, तर ती पुरती काढावी. चरकाने मेध्य रसायने चार सांगितली: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस व शंखपुष्पीचा कल्क. त्यांत अळंबी नाही. परंतु त्याच रसायनाध्यायात तो आणखी एक रसायन सांगतो, त्यास द्रव्यच लागत नाही: सत्य बोलणे, क्रोध न करणे, मद्य वर्ज्य करणे, निद्रा व जागरण यांत समतोल राखणे, वडीलधाऱ्यांची सेवा करणे. असा मनुष्य नित्य रसायन घेत असल्यासारखाच समजावा, असे त्याचे मत आहे. चार वनौषधींचीही कसोटी आधुनिक पद्धतीने लागावी, हे रास्तच. पण घरातील वृद्धाचे विस्मरण पाहून व्याकूळ झालेले, किंवा परीक्षेच्या धास्तीने जागणारे कुटुंब जेव्हा एखाद्या कुपीकडे हात करते, तेव्हा हे पाचवे रसायन आधी आठवावे. आणि विस्मरण वाढत असेल, तर वैद्यास वेळीच दाखवावे.

खरा सोम कोणता, याचा वाद पंडितांत अद्यापि मिटलेला नाही. परंतु पुण्याच्या याज्ञिकांचा धडा त्या वादावर अवलंबून नाही. हाती असलेला रस मूळचा नव्हे, हे जाणून व कबूल करूनच त्यांनी तो पेल्यात ओतला. आजचा विक्रेता मात्र प्रतिनिधीसच मूळ म्हणून विकतो, आणि वर ऋषींचे नाव लावतो.