चोखोबाची नाममुद्रा आणि अरिवूचे गाणे

2022 च्या भीमजयंतीला चिखली तालुक्यातल्या एका वस्तीत मी गेलो होतो. वंदना झाली, भीमगीते झाली आणि रात्री पोरांनी एक तामिळ गाणे लावले. शब्द कुणालाच कळत नव्हते. पण ठेका असा, की विहाराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याही माना डोलवीत होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला मी विचारले, "हे कुणाचं गाणं?" त्याने गायिकेचे नाव सांगितले. "आणि तो दुसरा आवाज?" "तो रॅपवाला आहे, सर." नाव त्याला ठाऊक नव्हते.

गाणे होते 'एन्जॉय एन्जामी'. 7 मार्च 2021 रोजी ते प्रकाशित झाले. धी ही गायिका, अरिवु हा रॅपर आणि संगीतकार संतोष नारायणन, जे धीचे सावत्र वडील. पाहता पाहता ते देशभर पसरले आणि ऐकणाऱ्यांची संख्या कोटींच्या घरात गेली. पण त्याच्या पोटात काय आहे हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. अरिवूची आजी वळ्ळियम्माळ ही श्रीलंकेच्या चहामळ्यातली मजूर. तामिळ मुलखातल्या भूमिहीनांना ब्रिटिशांच्या काळात त्या मळ्यांवर नेले. त्यांनी जंगल तोडले, डोंगर साफ केले, चहा वाढवला, आणि स्वातंत्र्यानंतर ते कुठल्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. 1964 च्या शास्त्री-सिरिमावो कराराने सव्वापाच लाख माणसे भारतात परत पाठवायचे ठरले. माणसांची अशी वाटणी, जशी पोत्यांची करतात. परतलेल्यांना इथेही जमीन नव्हती. ज्यांनी बाग फुलवली त्यांच्या घशाला कोरड, हा त्या गाण्याचा आशय आहे, आणि त्यात मृत्यूवरचा विलाप, ज्याला तामिळमध्ये 'ओप्पारी' म्हणतात, तो मिसळलेला आहे. अरिवु पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या गायकसंघातून पुढे आलेला. तेव्हा हे गाणे वस्तीत वाजले, ते योग्य ठिकाणीच वाजले.

तामिळनाडूचे आपल्याशी काय नाते, असे कुणी विचारील. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. नंदनार तामिळ. आणि चोखोबांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या मेहुणाराजाचे नाव सांगते, ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. म्हणून या गाण्याच्या भांडणाकडे मी मेहुणाराजाच्या वेशीवरून पाहणार आहे.

चोखोबांच्या शरणागतीवर आपल्या चळवळीने टीका केली, ती रास्तच होती. पण एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष झाले. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते, त्याने आपल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घातले. ते नाव वृत्तात बसलेले आहे. ते काढले तर चरण मोडतो. पुढे शेकडो वर्षे ज्यांनी चोख्याला शिवून घेतले नसते, त्यांनाही अभंग म्हणताना त्याचे नाव तोंडाने उच्चारावेच लागले. ताम्रपट नाही, सातबारा नाही. नाममुद्रा हाच त्याचा दस्तऐवज. आणि सोयराबाई? तिने सही केली ती नवऱ्याच्या नावाची आणि जातीची. चोख्याची महारी, एवढीच. दस्तऐवजातही स्त्रीच्या वाट्याला अर्धी ओळच आली, हे आपण पुरुषांनी विसरू नये.

तीच रीत वामनदादा कर्डकांनी चालवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या, अक्षरओळख प्रौढपणी झालेल्या या माणसाने हजारो गीते लिहिली. ती गावोगाव, ज्याच्या त्याच्या तोंडी गेली. त्यांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' आहे. गायक कुणीही असो, पेटीवर कुणीही बसो, कवी कोण ते गाणे स्वतःच सांगते. कवीचा हक्क सांभाळायला वकील नसतो तेव्हा यमक त्याचे काम करते.

या उलट कव्वालीच्या मुकाबल्यांत काय होई, ते मी लहानपणी पाहिले आहे. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका; सवाल-जवाब, टोमणे, कधी इतिहास, कधी सरळ शिवराळपणा. आजच्या रॅपरांची जी शब्दांची झुंज म्हणतात तिच्याहून ती कमी नव्हती. पहाटेपर्यंत माणसे उठत नसत. पण गायकाच्या मागे, पेटीच्या आडोशाला, एक माणूस मांडीवर वही घेऊन बसलेला असे. पलीकडून सवाल आला की तो भराभर ओळी लिहून पुढे सरकवी. टाळ्या, नोटा, हार पुढच्याला. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि हे अंतर छापलेच गेले: गायकाचा फोटो वेष्टणभर, कवीचे नाव बारीक, कधी तेही नाही. गायकही आपलेच, त्यांचीही पोटे हातावरच. त्यांना दोष द्यावा असे नाही. आंबेडकरी वस्तीतून आलेल्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पंढरपुरात विठ्ठलाची गाणी म्हणून घरोघर गेला, त्यातही पोट होतेच.

याच जिल्ह्यातले एक वेगळे उदाहरण मुद्दाम देतो. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशी यांनी गायिली आणि 1932 साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताचा आरंभ तिथून मानतात. तिथे कवीचेही नाव राहिले आणि गायकाचेही. दोघे शिकलेले, दोघांचाही छापील जगात वावर. तो त्यांचा अपराध नव्हे. पण शब्द एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा असला तरी दोन्ही नावे टिकू शकतात, याचा हा पुरावा आपल्या दारातच आहे. मग आपल्याच बाबतीत एक नाव का गळते?

अमेरिकेतही हा प्रश्न आहे. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये काळ्या पोरांच्या नाचगाण्यातून हिप-हॉप जन्मले. 1984 साली चाका खान हिच्या 'आय फील फॉर यू' या गाण्यात रॅपर आणि गायिका यांची जोडी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गाजली. आरंभी मेली मेल हा रॅपर तिचेच नाव पुन्हा पुन्हा घेतो. दोनच वर्षांपूर्वी काळ्यांच्या वस्तीतले जगणे 'द मेसेज'मधून जगापुढे मांडणारा हा माणूस, इथे भालदार-चोपदारासारखा गायिकेच्या नावाची ललकारी देतो. चाका खान स्वतः तरुणपणी शिकागोत ब्लॅक पँथरच्या कामात होती. तेव्हा हे व्यक्तींचे भांडण नव्हे. बाजाराने जोडीची उतरंडच अशी लावली. पुढे त्या उतरंडीला एक शब्द मिळाला, 'फीचरिंग'. आपल्या भाषेत 'सोबत'. मुख्य नाव एकाचे, दुसरा सोबतीला.

'एन्जॉय एन्जामी'चे अधिकृत नाव काय छापले गेले? धी, सोबत अरिवु. ज्याच्या आजीची कहाणी, ज्याचे शब्द, तो स्वतःच्या गाण्यात पाहुणा. ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'ने या गाण्याच्या यशाचा गौरव करताना मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक रॅपर छापला, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी उघड निषेध केला. मग 28 जुलै 2022 रोजी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात गाणे झाले. धी होती, किडाकुळी मारियम्माळ ही लोकगायिका होती, अरिवु नव्हता. त्यावर त्याने लिहिले, की हे गीत मी रचले, मी लिहिले, मी गायिले, मी त्यात वावरलो. संतोष नारायणन यांनी उत्तर दिले, की संगीतरचना माझी, तिघांचा वाटा समान, आणि अरिवूचे श्रेय आम्ही कधी नाकारले नाही. धीनेही तेच म्हटले.

दोन्ही बाजू मी वाचल्या. चाल कुणाची या वादात मी पडत नाही. पिढ्यानपिढ्या रडणाऱ्या बायांनी जी ओप्पारी घडवली तिची चाल कोणा एकाची असेल असे मला वाटतही नाही. माझा प्रश्न साधा आहे: वाटा समान होता तर नाव 'सोबत' का? आणि गंमत पाहा, मार्च 2024 मध्ये संतोष नारायणन यांनीच जाहीर केले, की या गाण्यातून तिघांनाही एक पैसा मिळालेला नाही. म्हणजे पोरे नावासाठी एकमेकांत झगडली आणि पैसा तिसरीकडेच अडकला. मुकाबला संपल्यावर गायक आणि कवी बिदागीवरून भांडत असत, आणि मंडपवाल्याचे पैसे मात्र आधीच चुकते झालेले असत, तसे.

2012 साली आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराचा आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातला हिस्सा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद आली. चांगली गोष्ट आहे. पण कायद्याला लेखक लागतो, तारीख लागते, कागद लागतो. जात्यावरच्या ओवीला, मढ्याशेजारच्या विलापाला तो कुठून आणायचा? मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅपर मुलांनी 2019 साली आरेच्या जंगलासाठी 'वारली रिव्होल्ट' केले, तेव्हा केलटीपाड्याचे आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात घेतला आणि नावही घेतले. तिथेही शब्द 'सोबत' हाच. मात्र त्या गाण्यात भोईर ऐकू येतात ते सोबती म्हणून नव्हे. जंगल त्यांचे आहे हे आवाजावरूनच कळते. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्रीत तिथली झाडे पडू लागली, ही गोष्ट वेगळी.

त्या जयंतीनंतर मी आमच्या भागातल्या भजनीमंडळांच्या आणि जुन्या गायनपार्ट्यांच्या वह्या पाहू लागलो. प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव लिहायचे, एवढेच काम. जिथे शेवटच्या कडव्यात नाव आहे तिथे काम सोपे होते. बाकी ठिकाणी म्हातारी माणसे आठवून सांगत, दोन गावांत दोन वेगळी नावे निघत. एका वहीत पाळण्याचे एक गीत आहे, भीमाच्या जन्माचे, फार गोड. कुणाचे म्हणून विचारले तर बायका हसल्या. "आमचंच हाय," म्हणाल्या. "कुनाचं म्हनून लिवता?" मी पेन उघडून बसलो होतो. त्या पाळण्यापुढची जागा अजून कोरी आहे.