जखम भरू नये म्हणून: काचबिंदूच्या शस्त्रक्रियेतला मुंबईचा अध्याय

शस्त्रक्रियेनंतर जखम लवकर भरावी, हीच सर्वसाधारण अपेक्षा असते. काचबिंदू हा त्यास मोठा अपवाद. डोळ्यातील द्रवाचा निचरा अडून दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. शल्यविशारद त्या द्रवाला नवी वाट करून देतो. शरीर मात्र तिला जखम समजून व्रणाने बुजवू पाहते.

या झटापटीच्या इतिहासात मुंबईचे स्थान क्वचितच सांगितले जाते. ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रविद्या शिकवणारे आयएमएस अधिकारी हर्बर्ट हर्बर्ट यांनी १९०३ मध्ये डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाखाली द्रव कायम झिरपत राहील अशी वाट काढण्याची पद्धत मांडली. १९०९ मध्ये मद्रासच्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी त्यासाठी गोल छिद्र पाडले. कीर्ती एलियटना मिळाली. हर्बर्टचे नाव उरले ते खुपऱ्यांच्या रोगात दिसणाऱ्या खळग्यांपुरते!

१९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी छिद्रावर झाकण ठेवणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमी आणली. शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, व्रणाचा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर आले कर्करोगाच्या औषधांतून. वेगाने विभागणाऱ्या पेशींना रोखणारे फ्लुओरोयुरॅसिल १९८४ मध्ये मायामीच्या डॉक्टरांनी या शस्त्रक्रियेत वापरले. १९८९ च्या अमेरिकी चाचणीत, आधी शस्त्रक्रिया झालेल्या अवघड डोळ्यांत वर्षभरातील अपयश ५० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले. मात्र त्यासाठी १४ दिवसांत डोळ्यालगत २१ इंजेक्शने! मुंबई-गोवा महामार्गावरील पालीसारख्या गावातल्या वृद्धाने इतक्या खेपा कशा घालाव्यात?

तैवानच्या चेन यांनी १९८३ मध्येच दुसरी वाट दाखवली होती. जपानमध्ये १९५० च्या दशकात सूक्ष्मजीवापासून मिळवलेले मायटोमायसिन-सी त्यांनी वापरले. शस्त्रक्रियेच्या वेळीच औषधात भिजवलेला स्पंजचा तुकडा काही मिनिटे ठेवायचा, मग जागा धुऊन टाकायची. रोजच्या इंजेक्शनांची गरज नाही. गावाकडच्या रुग्णाच्या दृष्टीने खरी क्रांती हीच.

अर्थात हे औषध दुधारी आहे. मात्रा जास्त झाली तर दाब प्रमाणाबाहेर उतरतो. आवरण इतके पातळ होते की वर्षांनंतरही तिथून जंतू आत शिरू शकतात. म्हणूनच अशा रुग्णाचा डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा चिकटू लागला, तर पालीहून रत्नागिरीची गाडी त्याच दिवशी धरावी लागते.