माडांच्या वाडीतून वीज जमिनीखाली नेताना

प्रश्न काय आहे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातल्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकले. माड-पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्यासोबत विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा प्रत्येक वादळानंतर ‘तारा जमिनीखाली घाला’ ही मागणी पुढे येते. मागणी रास्त आहे. मात्र ती सरसकट अमलात आणली, तर ज्या झाडांमुळे ती करावी लागते त्यांच्याच मुळावर ती येईल.

वरची लाइन

उघड्या तारेभोवती हवा हेच इन्सुलेशन असते, म्हणून झाड आणि तार यांत अंतर राखावेच लागते. आंबा-फणसाच्या फांद्या छाटून ते राखता येते. माडाचे तसे नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो तोडला की माड मेला. म्हणजे माड तारेला भिडू लागला की माड तोडा किंवा लाइन हलवा, एवढेच उरते. पोफळीचेही तेच.

वरच्या लाइनचे बरेचसे बिघाड क्षणिक असतात. तारांवर आडवी पडलेली झावळी खाली गळली की फीडर पुन्हा चालू करता येतो. खरा धोका तुटलेल्या तारेचा. ती कोरड्या जांभ्यावर पडली आणि तिच्यातून पुरेसा प्रवाह जमिनीत गेला नाही, तर फ्यूज उडत नाही आणि तार जिवंत राहते.

भूमिगत केबल

केबलचे इन्सुलेशन तिच्या अंगावरच असते. ११ केव्हीची केबल साधारण ९० सेंटिमीटर खोल टाकतात. तिथे वारा आणि झावळ्या पोचत नाहीत. बिघाड कमी होतात, पण झालेला बिघाड आपोआप सुटत नाही. जागा शोधा, खणा, नवा जॉइंट करा, यात तासन्तास जातात. पावसाळ्यात त्याहून जास्त. कमकुवत जागा बहुधा जॉइंटच असतो, आणि खाऱ्या ओलीत निकृष्ट जॉइंट टिकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी पुरवठा मिळेल अशी रिंग हवी आणि स्विचगिअर पुराच्या पातळीपेक्षा उंच चौथऱ्यावर हवे. एकाच टोकाने नेलेली केबल म्हणजे अर्धवट काम.

मुळे आणि चर

झाडाची बहुतेक शोषक मुळे मातीच्या वरच्या थरात असतात. ९० सेंटिमीटरचा चर तोच थर कापतो. आंब्याच्या खोडाला लागून चर गेला की एका बाजूच्या आधारमुळ्या तुटतात. झाड पुढे काही वर्षे हिरवेगार दिसते, पण वादळात आधार नसल्यामुळे उन्मळते आणि शेजारच्या घरावरही पडू शकते. यावर दोन उपाय आहेत: खोडाजवळ यंत्राऐवजी हाताने खणून मुळांखालून पाइप सरकवणे, किंवा दोन खड्ड्यांमधून आडवे ड्रिलिंग करून मुळांच्या खालून केबल ओढणे. जांभ्यात दोन्ही कामे खर्चिक आहेत. तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असायला हवा.

कारणानुसार उपाय

कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे पाइन वृक्षांत वसलेले गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यात जळाले. ८५ माणसे गेली. त्यानंतर गावातल्या वितरणवाहिन्या भूमिगत करण्याचे काम हाती घेतले गेले. आग मात्र गावाबाहेरच्या उच्चदाब पारेषण वाहिनीच्या झिजलेल्या हुकामुळे लागली होती. गावातल्या तारा पुरल्याने पारेषण मनोऱ्यावरचा हुक बदलत नाही. म्हणून कोणता धोका कोणत्या लाइनवर आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

भूमिगत काम वरच्या लाइनच्या कित्येक पट महाग पडते. म्हणून किनाऱ्यासाठी वर्गवारी अशी सुचवतो:

१. दाट वाडीतून जाणारे, तसेच दवाखाना आणि पाणीयोजनेला वीज देणारे एचटी (उच्चदाब) फीडर भूमिगत, रिंगसह.

२. पाखाडीतल्या एलटी (लघुदाब) लाइनसाठी खांबांवरच एबी केबल, म्हणजे एकत्र गुंफलेल्या इन्सुलेटेड तारा. इन्सुलेशनमुळे झावळी घासली तरी पुरवठा तुटत नाही, खर्चही कमी.

३. उघड्या कातळसड्यावर वरचीच लाइन, मजबूत खांबांसह आणि नियमित देखभालीखाली.

या वर्गवारीसाठी केबलच्या नकाशावर प्रत्येक मोठे झाड दाखवलेले हवे. तो नकाशा शाखा अभियंता, वायरमन आणि बागायतदार यांनी मिळून, वाडीत फिरून करावा. कोणत्या माडाजवळ लाइन वारंवार ट्रिप होते हे वायरमनला ठाऊक असते. कोणती मुळे कुठवर गेली आहेत हे बागायतदाराला. ही माहिती न घेता खणलेला चर पुढच्या वादळात झाडे आणि वीज, दोन्ही गमावण्याची तजवीज करतो.