बदकाची अंडी आणि परक्याची ऊब



कोंबडी खुडूक झाली की न सांगता बसते. पण अंड्यांसाठी पाळतात ती खाकी कॅम्पबेल बदकं सहसा बसतच नाहीत. ही जात इंग्लंडात अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी १९०० च्या सुमारास तयार केली. त्यासाठी त्यांनी इंडियन रनर बदक वापरलं. (नाव इंडियन, पण मूळ इंडोनेशियाकडचं!) जास्त अंड्यांसाठी निवड होत गेली, तसा बसण्याचा गुण मागं पडला. आता ऊब दुसऱ्यानंच द्यायची.

परक्या उबेची युक्ती मात्र फार जुनी. इजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेवर उबवतात, असं ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. पुढं तिथं कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या आल्या. त्यात हजारो अंडी निघत, तीही कोंबडीची.

बदकांच्या बाबतीत खरी हुशारी चीनची. अमेरिकन शेतीतज्ज्ञ एफ. एच. किंग १९०९ साली तिकडं गेले होते. तिथले कारागीर टोपल्यांतल्या अंड्यांना कोळशाची ऊब देत, आणि अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ती जोखत. थर्मामीटर नाही, काही नाही! भातपिकाच्या मुलखांत भाताच्या तुसाचाही उपयोग करतात. अर्धे दिवस उलटले की आतलं पिल्लू स्वतःच ऊब देऊ लागतं. मग जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी ठेवायची.

आता आपल्या बार्शीकडं या. आपला मुलूख जोंधळ्याचा, कोरड्या हवेचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, बदकाचं २८ दिवसांत (मस्कोवीचं ३५). म्हणजे आठवडाभर जास्त सुकणं आलं. बसणारं बदक पाण्यातून ओल्या पोटानं अंड्यांवर येतं. कोंबडी कोरडीच असते. ओल कमी पडली की आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो आणि तयार पिल्लू कवचातच मरतं. २८ दिवसांची मेहनत वाया!

म्हणून देशी कोंबडीखाली बदकाची दहा-बारा अंडीच ठेवा. ती मोठी असतात, कोंबडीला नीट फिरवता येत नाहीत. दिवसातून तीनदा तुम्हीच हातानं फिरवा. पंधराव्या दिवसापासून रोज एकदा कोमट पाणी शिंपडा. सातव्या दिवशी अंधारात दिव्यापुढं धरून वांझ अंडी काढून टाका. कोंबडीलाही रोज उतरवून दाणापाणी द्या. तिचा मुक्काम या वेळी लांबलेला असतो.

यंत्र असेल तर उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस ठेवा. वीज गेली तर अंड्यांचं वय बघा. पहिल्या आठवड्यातली असतील तर झाकण बंद ठेवून ऊब राखा. शेवटच्या आठवड्यातली स्वतःच्या उबेनं उकडतात, त्यांना हवा मिळू द्या. २५ व्या दिवसानंतर अंडी फिरवू नका, फक्त ओल वाढवा.